मुंबईची जुनी जीप स्पितीच्या हिवाळ्यासाठी कशी तयार करावी

मुंबईत जुनी डिझेल जीप घेतली आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापली, की मिस्त्री बहुतेक वेळा एकच उपाय करतो. थर्मोस्टॅट काढून टाकतो. गाडी तापायची थांबते, आपणही खूश होतो आणि इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा तो छोटासा व्हॉल्व्ह गॅरेजच्या कुठल्यातरी डब्यात जातो तो कायमचाच. पुढची आठ-दहा वर्षं कुणाला त्याची आठवण होत नाही. मग एखाद्या जानेवारीत किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझाला जायचं ठरतं आणि तिथे उणे पंधरामध्ये तापमानाचा काटा अर्ध्यावरसुद्धा चढत नाही. हीटरमधून गार वारा येतो, मागे पांढरा धूर, आणि गाडीला नेमकं काय झालंय ते कुणाला सांगता येत नाही.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांमध्ये असे कितीतरी निर्णय उकाड्याकडे बघून घेतलेले असतात. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी, इंजिनात जाड ऑइल, गळतो म्हणून बंद केलेला हीटर, ‘उचलतेय ना अजून’ म्हणून ठेवलेली चार वर्षांची बॅटरी. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं सगळ्यांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चं. काझात जानेवारीच्या रात्री पारा उणे २० च्या आसपास जातो. तिथे गाडी बंद पडली की आपण थंडीला दोष देतो; पण माझा अनुभव असा की बिघाड मुंबईतच झालेला असतो, फक्त इथल्या उबेत तो दिसत नाही. त्यामुळे खरं काम मुंबईत करायचं, आणि दसऱ्याला सुरुवात करून नाताळाच्या आत संपवायचं. वर ना सुटे भाग मिळतात, ना गार पडलेल्या बोटांनी पाना धरवतो.

माझी जीप १९९३ ची महिंद्रा एमएम ५४० आहे, २.१ लिटरच्या प्युजो डिझेल इंजिनाची. पुढचं सगळं तिच्याच अनुभवावरून लिहितोय. जिप्सीवाल्यांसाठी मध्ये थोडं वेगळं सांगितलं आहे.

पहिलं काम: रेडिएटर, कूलंट आणि तो हरवलेला थर्मोस्टॅट

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बाकीचं थोडं कमीजास्त झालं तरी निभावतं, इथे चुकलं तर इंजिनाचा ब्लॉक जातो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बिडाच्या ब्लॉकला ताणलं जाणं ठाऊक नसतं. ब्लॉकच्या बाजूला वाटीसारखे बसवलेले वेल्च प्लग असतात, ते कधीकधी आधी बाहेर येऊन ब्लॉक वाचवतात. कधीकधीच. त्यावर भरवसा ठेवू नका. ते प्लग मात्र बघून घ्या: कडेने गंजाची लाल-तपकिरी रेघ उतरली असेल तर इथेच बदला. मुंबईत तासाभराचं काम आहे.

क्रम असा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरखालचा कॉक उघडा आणि ब्लॉकवरचा कॉकही उघडा. दुसरा बहुतेक जण विसरतात. अनेक गाड्यांत तो गंजून बसलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, जबरदस्ती केली तर मोडतो. जुनं पाणी एका बादलीत धरा. रंग चहासारखा निघाला तर आत गंज आहे, मग स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा. रेडिएटर अर्धा बुजलेला असेल तर रेडिएटरवाल्याकडून वरची-खालची टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई फिरवून गाळ काढणं, करून घ्या. जीप मुंबईत तापत होती त्याचं मूळ कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि थर्मोस्टॅटने मात्र उगाच शिक्षा भोगलेली असते.

नवीन थर्मोस्टॅट आणला की तो बसवण्याआधी तपासा. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याने थर्मोस्टॅट मध्ये लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका, स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवा आणि गॅस लावा. त्यावर छापलेल्या अंशाला, साधारण ८२ च्या आसपास, तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी निवताना पुन्हा घट्ट बंद झाला पाहिजे. दुकानातून आणलेला नवाकोरा थर्मोस्टॅट अर्धवट उघडा राहतो असं मी दोनदा पाहिलंय.

होजपाइप दाबून बघा. कडक लागत असेल किंवा दाबल्यावर कुरकुर आवाज येत असेल तर रबर मेलेलं आहे. मुंबईच्या उष्णतेत ते आतून सडतं, बाहेरून चांगलं दिसतं. सगळे होज एकदम बदला, हीटरकडे जाणारे दोन बारीकसुद्धा. क्लिपाही नव्या घ्या. होज आणि क्लिपांसाठी नागदेवी स्ट्रीट मला सोपी पडते, गाडीच्या खास भागांसाठी ऑपेरा हाऊसची दुकानं, आणि जे आता बनतच नाही ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या मालात शोधायचं. तिघांकडे जाताना जुना भाग सोबत न्या. नावाने मागितलं तर हमखास वेगळं हातात पडतं.

आता कूलंट. यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रंगावरून काही कळत नाही. हिरवा, निळा, गुलाबी हे कंपनीचे रंग आहेत. डब्यावर दोन गोष्टी वाचा: तो तयार मिसळलेला आहे की कॉन्सन्ट्रेट, आणि किती उणे अंशापर्यंत चालतो. आपल्याकडे मिळणारे बरेच तयार कूलंट गंज थांबवण्यापुरते असतात, थंडीसाठी नसतात. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं असेल तर मिश्रण सुमारे उणे ३७ पर्यंत गोठत नाही. ग्लायकॉल एक तृतीयांश असेल तर उणे १७-१८ लाच बर्फाचे कण धरायला लागतात, आणि ते काझाला पुरत नाही. ‘मग सगळं ग्लायकॉलच ओततो’ असंही नको, कारण निव्वळ ग्लायकॉल उणे १२-१३ लाच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं.

मिसळताना एक युक्ती लक्षात ठेवा. धुतलेल्या इंजिनात लिटर-दीड लिटर पाणी कुठेतरी अडकून राहतंच. म्हणून बाहेर बादलीत निम्मंनिम्मं करून ओतलं की आत ते पातळ होतं. गाडीच्या पुस्तकात एकूण किती लिटर मावतं ते बघा, त्याच्या बरोबर निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग उरलेली जागा बॅटरीत घालतो तसल्या डिस्टिल्ड पाण्याने भरा. हीटरचा कॉक उघडा ठेवून इंजिन गरम होईपर्यंत चालवा, हवा निघाली की पातळी पुन्हा बघा. दोन दिवस गाडी फिरवून कूलंटच्या हायड्रोमीटरने तपासा. तो छोटा आणि स्वस्त असतो, सोबतही न्या. ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच धुऊन टाका, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात.

माझ्या पहिल्या फेरीत मी इतकं सगळं केलं होतं, आणि तरी चुकलो. पालनपूरच्या पुढे एका क्लिपमधून गळती लागली. क्लिप आवळली आणि धाब्यावरचं पाणी ओतलं. संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन वेळा साधं पाणी गेलं आणि मिश्रण किती पातळ झालं याचा हिशेब मी ठेवला नाही. नाकोला रात्र काढून सकाळी गाडी सुरू केली, ती झालीही, आणि दहा मिनिटांत काटा लालवर. बाहेर उणे बारा आणि इंजिन उकळतंय! डोकं चालेना. शेजारी उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरने इंजिन बंद करायला लावलं आणि रेडिएटरच्या तळाला हात लावायला सांगितला. खाली बर्फ झाला होता, पाणी फिरतच नव्हतं. गोणपाट आणि कोमट पाण्याच्या किटल्या घेऊन दुपारपर्यंत आम्ही तो वितळवला. एक वेल्च प्लग अर्धा बाहेर आला होता, ब्लॉक वाचला. तेव्हापासून मी निम्मंनिम्मं मिसळलेलं पाच लिटर कूलंट कॅनमध्ये घेऊन जातो आणि वाटेत एक वाटीसुद्धा साधं पाणी ओतत नाही.

रेडिएटरचं झाकण नवीन घ्या. काझासारख्या साडेतीन हजार मीटरच्या वरच्या उंचीवर साधं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाची स्प्रिंग दाब धरते म्हणून कूलंट त्याच्या पुढे टिकतं, आणि जुन्या जीपचं झाकण बहुधा कुणीच कधी बदललेलं नसतं.

हीटर बंद केलेला असेल तर जोडून घ्या. आरामाचा प्रश्न राहू द्या. काचेवरची वाफ त्याशिवाय निघत नाही आणि पुढचं दिसत नाही.

बॅटरी आणि सेल्फ

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्ही बाजूंनी मार. शून्य अंशाला चांगल्या बॅटरीची ताकद दोन तृतीयांशाच्या आसपास उरते, उणे १८ ला निम्म्याहूनही कमी. मुंबईत जी बॅटरी जेमतेम सेल्फ मारते ती तिथे फक्त टक्‌ असा आवाज करेल.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि काटा बघत राहा; मुंबईच्या हवेत तो साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी बदला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळायला हवेत, नाहीतर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघावा लागेल. बॅटरी भरलेली ठेवण्याला दुसरंही कारण आहे: पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं अॅसिड काझाच्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं उणे ८ च्या आसपासच गोठतं आणि प्लेटा वाकतात. गोठलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, फुटू शकते.

यानंतर वायरमनला नेहमी सांगावं लागतं ते काम: अर्थिंग. बॅटरीपासून चेसिसला आणि चेसिसपासून इंजिनाला जाणाऱ्या जाड पट्ट्या. समुद्राच्या हवेत त्यांच्या टोकांवर गंज आणि हिरवट थर चढतो. दोन्ही टोकं खोला, पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळून वर ग्रीस लावा. माझ्या जीपचा सेल्फ ‘कमजोर’ म्हणून दोनदा खोलला गेला होता. शेवटी दोष अर्थच्या पट्टीत निघाला. तरीही सेल्फ एकदा खोलून कार्बन ब्रश आणि बुश बघून घ्या, तीस वर्षांच्या गाडीत ते झिजलेले असणारच.

हीटर प्लग आणि डिझेल

जुन्या प्युजो इंजिनात डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं. तो कप्पा गार असला की नुसत्या कॉम्प्रेशनच्या उष्णतेवर ते पेटत नाही. म्हणून हीटर प्लग. मुंबईत चारपैकी दोन मेले तरी गाडी सुरू होते, त्यामुळे मालकाला पत्ताच नसतो. प्लगवरची जोडपट्टी काढा, एकेक प्लग मल्टिमीटरने बघा: चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो, मेलेल्याचा काहीच येत नाही. एक गेला असेल तरी चारही बदला. मग रिले आणि त्याची वायर बघा. प्लग नवे आणि वीजच पोचत नाही, असंही होतं. अनेक जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना हे प्लग नसतात, ती कॉम्प्रेशनवरच सुरू होतात. तुमचं इंजिन तसं असेल तर व्हॉल्व्हची सेटिंग आणि नोझल यांकडे दुप्पट लक्ष द्या. नोझल आणि इंजेक्शन पंप हे पंप दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलवर तपासून घ्या.

स्टार्टिंगचा स्प्रे हीटर प्लगच्या गाडीत मारू नका. तापलेल्या प्लगवर ईथर वेळेच्या आधी पेटतं आणि पिस्टन-रिंगा फुटतात.

डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण धरतात, आधी डिझेल गढूळ दिसतं, मग फिल्टर बुजतो. सुरू झालेली गाडी पाच मिनिटांनी गुदमरून बंद पडली तर पहिला संशय इथे घ्या. भारतीय मानकातही हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या डिझेलला वेगळ्या मर्यादा आहेत, आणि लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं, ते पानिपतच्या रिफायनरीत तयार होतं. मुंबई ते काझा दोन हजार किलोमीटरहून जास्त आहे, त्यामुळे इथलं टाकीतलं डिझेल गुजरात-राजस्थानातच संपतं. धोका कॅनमध्ये असतो! इथे भरलेला वीस लिटरचा राखीव कॅन नेमका सगळ्यांत थंड जागी टाकीत ओतला जातो. कॅन रिकामा न्या आणि रामपूर-रेकाँग पिओच्या बाजूला, स्थानिक गाड्या जिथे भरतात तिथे, पंपावर हिवाळ्याचं डिझेल आहे का विचारून भरा.

रॉकेल मिसळण्याचा जुना सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. कायद्याने ती भेसळ आहे आणि इंजेक्शन पंपाला डिझेलमधून मिळणारं वंगण त्याने कमी होतं. मी करत नाही.

मेणाइतकाच त्रास पाणी देतं. मुंबईच्या दमट हवेत जुन्या टाकीच्या तळाशी पाणी आणि गंजाचा गाळ साठलेला असतो. टाकीचा तळाचा नट खोलून तो काढा, दोन्ही डिझेल फिल्टर बदला, दोन जोड्या सोबत ठेवा. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने हवा कशी काढायची ते मिस्त्रीसमोर स्वतःच्या हाताने दोनदा करून बघा. नुसतं बघून हे येत नाही. वर गेल्यावर रोज संध्याकाळी टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दव धरतं.

ऑइल

थोडक्यात. मुंबईत जुन्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घालतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला: २०डब्ल्यूची सुरू होण्याची चाचणी उणे १५ ला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला. काझासाठी डिझेलला चालणारं १०डब्ल्यू घ्या, १५डब्ल्यू-४० अगदी काठावर येतं. पातळ ऑइलने जुनी सीलं थोडी पाझरतील. निघण्याआधी मुंबईत चारशे-पाचशे किलोमीटर चालवून ते बघून घ्या. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियलमध्ये साध्या ९० च्या जागी ८०डब्ल्यू-९० घाला. गिअरबॉक्सला मात्र पुस्तकात जीएल-४ दर्जाचं तेल सांगितलं असेल तर जीएल-५ घालू नका, काही जीएल-५ तेलं पितळी सिंक्रो रिंगा खातात. ग्रीसचे सगळे निपल, स्टिअरिंगचे, पाट्यांच्या शॅकलचे, क्रॉसचे, जुनं ग्रीस आणि पाणी बाहेर येईपर्यंत भरा.

ब्रेक, टायर, हुड

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात तर फारच. दोन वर्षांत बदललं नसेल तर सगळं काढून नवीन भरा. चेसिसच्या कडेने जाणारे लोखंडी ब्रेक पाइप बोटाने चाचपा. गंजाने फुगलेला असेल तर बदला. स्पितीच्या रस्त्यावर नाले वाहत असतात. ओलांडल्यावर थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चला म्हणजे ड्रम सुकतात, नाहीतर रात्री लायनर ड्रमला चिकटून गोठतात. हँडब्रेकची केबलही तशीच गोठते, म्हणून रात्री हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना दगड लावायचे.

चिखलाचे मोठ्या गट्टूंचे टायर सह्याद्रीत उत्तम असतात, पण गुळगुळीत बर्फावर ते घसरतात. साखळ्या घ्याव्या लागतील. चारही चाकांच्या घ्या आणि मुंबईत पार्किंगमध्ये हातमोजे घालून एकदा लावून बघा. मापात चूक असेल तर इथेच कळेल. हवेचा दाब दर साडेपाच अंशांच्या घसरणीला साधारण एक पीएसआयने कमी होतो, उलट उंचीवर बाहेरची हवा विरळ झाल्याने गेज जास्त दाखवतो. म्हणून अंदाज न करता वर पोचल्यावर सकाळी गार टायर मोजा. फोर-व्हील कोरड्या डांबरावर टाकू नका. आपल्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं, वळणावर पुढच्या-मागच्या धुऱ्यांचा ताण गिअरांवर येतो.

कापडी हुडची जीप असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या थंडीत कडक होतात आणि गुंडाळताना तडकतात. वर गेल्यावर त्यांना हात लावू नका. काच पुसायच्या टाकीतलं मुंबईचं पाणी काढून टाका. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो.

जिप्सी असेल तर

पेट्रोल गाडीला वरच्या डिझेलच्या भानगडी नाहीत, कूलंट-बॅटरी-अर्थिंग मात्र तसंच करायचं. कार्बोरेटरची जिप्सी उंचीवर पेट्रोल जास्त पिते, काळा धूर आणि काळे प्लग दिसतात. तिथे उगाच स्क्रू फिरवत बसू नका, एअर फिल्टर स्वच्छ ठेवा. चोकची केबल शेवटपर्यंत ओढली जाते का बघा, कारण मुंबईत ती वर्षभर वापरलीच जात नाही आणि आतून गंजते. एअर क्लीनरला सायलेन्सरच्या बाजूची गरम हवा देणारा पाइप अनेकांनी फेकून दिलेला असतो. तो परत लावा. दमट थंडीत, शून्याच्या थोडं वरही, कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो आणि गाडी आयडलला बंद पडते.

निफाडची रात्र

निघण्याआधी एक तालीम करा, आणि ती मुंबईत होत नाही. डिसेंबरच्या अखेरीस निफाडकडे जा. थंडीची लाट आली की तिथे पारा पाच अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागायतदार बागांत शेकोट्या पेटवतात. गाडी रात्रभर उघड्यावर ठेवा आणि पहाटे साडेपाचला, सूर्य उगवायच्या आत, सेल्फ मारा. किती वेळ फिरवावा लागला, धुराचा रंग काय, किती मिनिटांनी पांढरा धूर थांबला, काटा कुठे स्थिरावला, हे वहीत लिहा. पाच अंशांना ती कुरकुरली तर उणे पंधराला सुरू होणार नाही. मला एका वर्षी इथे एक मेलेला हीटर प्लग सापडला, जो मुंबईत चार दिवस शोधून कळला नव्हता.

कागद आणि रस्ता

पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची पुनर्नोंदणी, ग्रीन टॅक्स, विमा, पीयूसी सगळं चालू तारखेचं हवं. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आहेत आणि त्यांची अंमलबजावणी बदलत राहते. मी वाटच वेगळी धरतो: अहमदाबाद, जोधपूर, बिकानेर, भटिंडा, चंदीगड, मग शिमला आणि किन्नौर. मनालीकडून कुंझुमची खिंड हिवाळ्यात बंदच असते. अटल बोगदा उघडला म्हणून काझाला तिकडून जाता येईल असा नवख्यांचा समज होतो, तो खरा नाही.

वर गेल्यावर

रात्री शक्य असेल तर बॅटरी काढून खोलीत घ्या. दहा नंबरचा पाना खिशातच ठेवा. बॉनेटवर जाड घोंगडी टाका. जागा निवडताना सकाळचं ऊन कुठून येतं ते बघा. आठ वाजता ऊन पडणारी जागा आणि अकराला पडणारी जागा यांत अर्ध्या दिवसाचा फरक असतो.

सकाळी आधी घोंगडी काढा, बॅटरी लावा, हीटर प्लगला पूर्ण वेळ द्या, आणि दिवा विझला तरी ते चक्र पुन्हा एकदा करा. क्लच दाबून सेल्फ मारा म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट तेल फिरवावं लागत नाही. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नको, मग मिनिटभर थांबा. सुरू झाली की रेस करू नका. दोन-तीन मिनिटांनी हळू निघा, पहिले काही किलोमीटर खालच्या गिअरमध्ये. रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा गोणपाट लावला असेल तर काट्यावर लक्ष ठेवा आणि चढ लागला की काढा.

फिल्टर मेणाने बुजला तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं त्याच्याभोवती गुंडाळा आणि दर दोन मिनिटांनी बदला. इंजिनाच्या इंजेक्शन पंपावर उकळतं पाणी ओतू नका, आतले भाग अगदी नेमक्या मापाचे असतात. चेंबरखाली (इंजिनाच्या तेलाच्या भांड्याखाली) किंवा टाकीखाली शेकोटी पेटवणारे भेटतील. जुन्या गाडीला कुठे ना कुठे तेल पाझरलेलं असतंच, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा.

आणि हीटर लावून, इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. कधीही नको. जुन्या सायलेन्सरच्या जोडातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड फरशीच्या भोकांतून आत येतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस जातो. निघण्याआधी सायलेन्सरचा प्रत्येक जोड तपासा आणि फरशीची भोकं रबराच्या ग्रोमेटने बुजवा.

परत आल्यावर

मुंबईत पोचलात की खालून दाबाच्या पाण्याने चेसिस धुवा आणि पूर्ण सुकल्यावर अँटीरस्ट मारा. बेअरिंग, ड्रम, डिफरन्शियलचं तेल एकदा बघा. दुधासारखं दिसलं तर पाणी गेलंय, लगेच बदला. इंजिनात पुढच्या बदलीला १५डब्ल्यू-४० घातलं तरी चालेल. कूलंट तसंच राहू द्या, उकाड्यातही तेच चांगलं, गंज थांबवतं.

एप्रिलमध्ये जीप पुन्हा एखाद्या सिग्नलला तापेल आणि मिस्त्री थर्मोस्टॅट काढायला सुचवेल. काढू देऊ नका. रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत अडकलेली धूळ आणि किडे मागच्या बाजूने पाणी मारून काढा, पंख्याचा पट्टा ताणून घ्या, झाकण बघा, आणि तरीही तापली तर रेडिएटर पुन्हा रॉडिंगला पाठवा.